माळ घालताय? मग आधी डॉक्टरांनाही भेटा

आषाढी आणि कार्तिकी जवळ आली की माझ्या दवाखान्यात ठरलेली गर्दी होते. कुणाला जुलाबाच्या गोळ्या हव्या असतात, कुणाला पायाच्या भेगांचे मलम, तर कुणाला रक्तदाबाच्या महिनाभर पुरतील एवढ्या गोळ्या. या गर्दीत विशी-पंचविशीतली मुलेही असतात. त्यांतला एखादा गोळ्या खिशात टाकता टाकता हळूच सांगतो, "डॉक्टर, यंदा माळ घालणार. सगळं बंद." ऐकून बरे वाटते. तरण्याताठ्या मुलाने दारू सोडतो म्हणावे, याहून चांगली बातमी डॉक्टरला कोणती?

पण याच आनंदाच्या भरात माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली. आज ती वाचकांना सांगतो, म्हणजे तुमच्या घरात ती होणार नाही.

२०१७ सालच्या कार्तिकी एकादशीची गोष्ट. सव्वीस वर्षांचा एक तरुण संध्याकाळी आईबरोबर दवाखान्यात आला. हंगामात उसाचा ट्रॅक्टर चालवणारा, एरवी मिळेल ते काम करणारा. पोटात जळजळ होते, एवढीच तक्रार होती. गळ्यात नवी कोरी तुळशीची माळ. म्हणाला, "डॉक्टर, सकाळीच देवळात माळ घातली. काल रात्री घेतली ती शेवटची. आता जन्मात थेंब नाही." आईच्या डोळ्यांत पाणी होते. त्याचे हात थोडे थरथरत होते आणि कपाळावर घाम होता. आई म्हणाली, "सकाळपासून उपवास हाय ना, डॉक्टरसाहेब." मलाही ते पटले. मी त्याची पाठ थोपटली, जळजळीचे औषध दिले आणि तपासणी फी घेतली नाही.

मी एक साधा प्रश्न विचारायला विसरलो. "रोज किती पीत होतास?"

दुसऱ्या दिवशी, द्वादशीच्या संध्याकाळी, घरी त्याला आकडी आली. लोकांनी कांदा हुंगवला. थोड्या वेळाने तो शुद्धीवर आला म्हणून कुणी दवाखान्यात आणले नाही. त्यानंतरच्या रात्री दोन वाजता जीपमध्ये घालून त्याला माझ्या दारात आणले. अंग तापलेले, नाडी धावत होती, कपडे घामाने भिजलेले. नसलेले किडे तो अंगावरून वेचून टाकत होता. आईला ओळखत नव्हता. जीपमधला एक जण म्हणाला, "देव अंगात आलाय." दुसरा म्हणाला, "नेम झेपला नाही, माळेचा कोप झाला." आईने घाबरून माळ काढून पदराला बांधली होती. चुलत्याने तेवढा व्यवहारी उपाय सुचवला, "एक घोट पाजा, आत्ता शांत होतंय बघा."

देव अंगात आला नव्हता आणि माळेचा कोपही झाला नव्हता. चुलत्याला रोग बरोबर कळला होता, उपाय मात्र चुकीचा होता. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तुटली की जे होते, तेच त्याला झाले होते.

शरीरात काय घडते?

जत्रेतली रस्सीखेच सगळ्यांनी पाहिली आहे. दोन्ही बाजू जोर लावून ओढत असतात, तोवर दोर जागचा हलत नाही. एका बाजूने अचानक हात सोडला, तर दुसऱ्या बाजूची माणसे आपल्याच जोराने मागे कोसळतात. मेंदूचेही असेच होते. दारू मेंदूला मंद करते. रोज दारू मिळू लागली की मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावून जागे राहायला शिकतो. वर्षानुवर्षे ही ओढाताण चालू असते. मग एक दिवस दारू दोर सोडून देते, पण मेंदूचा जोर तसाच राहतो. त्यातून हातांची थरथर, घाम, धडधड, मळमळ, झोप न येणे सुरू होते.

ही लक्षणे शेवटच्या पेल्यानंतर सहा तासांपासून दिसू लागतात. आकडी आलीच तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते. भ्रम होणे, नसलेले दिसणे, दिवस-रात्रीचे भान सुटणे हा सर्वांत धोकादायक प्रकार साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात होतो. उपचार झाले नाहीत तर त्यात माणूस दगावू शकतो. सगळ्यांनाच हे होते असे नाही. कधीमधी पिणाऱ्याला काही होत नाही. रोज पिणाऱ्यांतही अनेकांना थोडी थरथर होते आणि चार-पाच दिवसांत सारे निवळते. पण सकाळी उठल्याबरोबर ज्याला घोट लागतो, पूर्वी दारू बंद केल्यावर ज्याला आकडी किंवा भ्रम झाला होता, त्याने घरच्या घरी, नुसत्या निश्चयाच्या बळावर दारू तोडू नये.

उपचार अवघड नाहीत. मेंदू शांत करणाऱ्या गोळ्या पहिल्या दिवशी जास्त देऊन हळूहळू कमी करत पाच-सात दिवसांत बंद करायच्या आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने द्यायची. एक गोष्ट विशेष सांगतो. अशक्तपणा आलाय म्हणून नुसते ग्लुकोजचे सलाईन लावून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. रोज पिणाऱ्याच्या शरीरात ब-१ ची कमतरता असते. त्याला ते न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून सलाईन लावणाऱ्याला "हा रोज पितो" हे घरच्यांनी न लाजता सांगितले पाहिजे.

त्या रात्री मी त्याला इंजेक्शने दिली, सोबत चिठ्ठी दिली आणि त्याच जीपने जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या रुग्णालयात पाठवले. सहा दिवसांनी तो चालत घरी आला.

माळेची ताकद

हे सारे वाचून कुणी म्हणेल, डॉक्टर माळ घालू नका म्हणतात. तसे अजिबात नाही. मी स्वतः माळकरी नाही, पण पंचवीस-तीस वर्षे दारूचे रोगी पाहतो आहे. माझ्या औषधाच्या चिठ्ठीत नसलेल्या तीन गोष्टी माळेत आहेत.

पहिली म्हणजे नकाराचे कारण. "नको रे, आज नको" म्हणणाऱ्या मुलाला मित्र सोडत नाहीत. आग्रह करतात, चिडवतात, मर्दानगी काढतात. "मी माळकरी आहे" म्हटले की सहसा कुणी पुन्हा आग्रह करत नाही. दुसरी गोष्ट वेळ. आमच्या गावात हरिपाठाची आणि गुत्ता भरण्याची वेळ एकच, दिवेलागणीची. ज्या तासाला तलफ येते, त्याच तासाला हातात टाळ असतो. तिसरी गोष्ट संगत. दारू सोडणाऱ्याचे जुने मित्र एका दिवसात तुटतात आणि तो एकटा पडतो. भजनी मंडळ त्याला नवी माणसे देते. पंढरीच्या वाटेवर सारे एकमेकांना माउली म्हणतात. तिथे कुणाला "बेवड्या" म्हणून हाक येत नाही.

हे वारकऱ्यांपुरतेच नाही. बौद्धांच्या पंचशीलातले पाचवे शील मद्यापासून दूर राहण्याचे आहे. इस्लामने दारू निषिद्ध मानली आहे. शीख धर्माने तंबाखू वर्ज्य ठरवली आहे. गाडगेबाबांनी आपल्या कीर्तनांतून दारू आणि नवसाची पशुहत्या यांवर सतत कोरडे ओढले. तुकडोजी महाराजांनी व्यसनमुक्ती हे गावसुधारणेचे काम मानले. १९३५ साली अमेरिकेत अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या दोन व्यसनी माणसांपैकी एक डॉक्टर होता. 'आपल्या समजुतीप्रमाणे जो कोणी ईश्वर असेल' त्याच्या आधारावर आणि एकमेकांच्या सोबतीवर ती आजही चालते.

अमेरिकेत आणि इतर देशांत तरुणांच्या अनेक पाहण्या झाल्या आहेत. धर्माचरणात नियमित भाग घेणाऱ्या मुलांत दारू, तंबाखू व गांजाचे प्रमाण सरासरीने कमी दिसते, असा त्यांचा सूर आहे. पण म्हणून भक्तीमुळेच व्यसन टळते असे सिद्ध होत नाही. ज्या घरात मुलांकडे लक्ष आहे, त्याच घरातली मुले भजनालाही जात असतील. तरीही चांगली संगत आणि ठरलेला दिनक्रम यांचा उपयोग होतो, एवढे मी माझ्या अनुभवावरून निश्चित सांगेन.

श्रावणाची परीक्षा

आता याची दुसरी बाजू पाहू. सण तोच, पण काही मुले तो वेगळ्याच रीतीने साजरा करतात. आषाढी अमावास्येला, जिला लोक गटारी म्हणतात, महिन्याभराचे एका रात्रीत पिऊन घेतात. मिरवणुकीत नाचायचे म्हणजे आधी 'टाकून' यायचे, अशी समजूत झाली आहे. एकदम भरपूर पिणे हे रोज थोडे पिण्याइतकेच घातक असते. त्यातून उलटी श्वासनलिकेत जाणे, स्वादुपिंडाला सूज येणे, मोटारसायकलचे अपघात हे सारे होते. हे रोगी रात्री-अपरात्री कोणत्याही डॉक्टरच्या दारात येतात.

श्रावणाचा एक उपयोग मात्र मी रोग ओळखण्यासाठी करतो. एखादा मुलगा म्हणतो, "डॉक्टर, मला काही व्यसन नाही, मनात आलं तर सोडीन." मी विचारतो, "श्रावण पाळलास का? पूर्ण पाळलास का? पहिल्या आठवड्यात हात थरथरले का? झोप लागली का?" ज्याला महिना सहज पाळता आला, त्याची गाडी अजून रुळावर आहे. ज्याने तिसऱ्या-चौथ्या दिवशी श्रावण मोडला, किंवा तारखा मोजत कसाबसा काढला, त्याने लाजू नये. हा नियम मोडण्याचा दोष नसून आजाराचे लक्षण आहे, असे समजून उपचाराला यावे.

गांजाबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. "हा शंकराचा प्रसाद आहे" असे सांगत चिलीम पुढे करणारे मुलांना भेटतात. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा आणि चरस बाळगणे व ओढणे हा गुन्हा आहे. पण मला काळजी वाटते ती मेंदूची. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. कोवळ्या वयात नियमित गांजा ओढणाऱ्यांत भास होणे, संशय येणे असा मानसिक आजार जडण्याचा धोका वाढतो. घराण्यात कुणाला असा आजार असेल तर तो आणखी जास्त असतो. महाशिवरात्रीला किंवा धुळवडीला थंडाईतून भांग दिली जाते, तीही त्याच झाडाची. भांग पोटातून उशिरा चढते. "काही झालं नाही" म्हणून मुले दुसरा पेला घेतात आणि मग तासाभराने घाबरीघुबरी होऊन येतात.

गळ्यात माळ, गालात तंबाखू

आता भजनी मंडळींना राग आला तरी चालेल, पण हे सांगितलेच पाहिजे. हरिपाठ संपतो, टाळ खाली ठेवले जातात आणि चंची निघते. एक जण तंबाखू मळतो, चुना लावतो आणि चिमूट चिमूट सगळ्यांच्या हातावर येते. दारू सोडून आलेला बावीस वर्षांचा मुलगाही हात पुढे करतो. दारू वर्ज्य, मांस वर्ज्य, पण तंबाखू चालते, असा अर्थ अनेकांनी आपल्या सोयीने लावून घेतला आहे.

२०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील दर चार माणसांमागे साधारण एक जण तंबाखूचे सेवन करतो, आणि त्यातले बहुतेक ती ओढत नाहीत, तोंडात धरतात. आपल्या राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरीही पुड्या मिळतात, आणि नाही मिळाल्या तर मावा आहेच. सुपारी, तंबाखू आणि चुना यांनी तोंडाची आतली कातडी हळूहळू पांढरी आणि कडक होते. सुरुवातीला साधे जेवण झोंबू लागते, मग तोंड उघडेनासे होते.

घरी करून पाहण्याजोगी एक तपासणी सांगतो. आपल्याच हाताची तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात घालून पाहा. सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील, किंवा तोंडात पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर लगेच दाखवा. कडक झालेली कातडी पुरती पूर्ववत होत नाही, पण खाणे थांबवले तर पुढचा धोका कमी होतो. दुर्लक्ष केले तर कर्करोगाची भीती असते.

तंबाखू सोडण्यासाठीही उपवासाचा उपयोग होतो. रमजानमध्ये माझे मुस्लिम रोगी पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत तंबाखूला हात लावत नाहीत. मी त्यांना म्हणतो, "तेरा-चौदा तास सोडलीच आहे, आता रोजा सुटल्यावरचा पहिला बार तेवढा टाळा." एकादशी करणाऱ्यांनाही माझे हेच सांगणे असते. दारूसारखी धोक्याची आकडी तंबाखू सोडल्याने येत नाही. चिडचिड, डोकेदुखी, बद्धकोष्ठ होते. तलफेची एकेक लाट काही मिनिटांत ओसरते, आणि सारा त्रास दोन-तीन आठवड्यांत कमी होतो.

माळ तुटली तर?

रुग्णालयातून परत आल्यावर त्या तरुणाने मला पहिला प्रश्न विचारला, "डॉक्टर, आईनं माळ काढली. नेम मोडला म्हणायचा का?" मी म्हटले, हे माझ्या पुस्तकात नाही. आम्ही दोघे मिळून बुवांकडे गेलो. बुवांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "माळ तुटली तर मणी गोळा करून पुन्हा ओवतात. टाकून देत नाहीत." त्यांनी त्याच्या गळ्यात माळ परत घातली.

पुढे २०१९ मध्ये बहिणीच्या लग्नात तो पुन्हा प्यायला. त्यानंतर चार महिने तो भजनालाही आला नाही आणि दवाखान्यातही आला नाही. बुवांना आणि मला तोंड कसे दाखवायचे, ही लाज. त्या लाजेपायी एका दिवसाची चूक चार महिन्यांची झाली. धर्माच्या मार्गाने व्यसन सोडणाऱ्यांत हा धोका मला वारंवार दिसतो. ज्याने चारचौघांत शपथ घेतली, त्याला घसरल्यावर परत यायला जास्त जड जाते. दारूचे व्यसन हा पुन्हा पुन्हा उलटणारा आजार आहे. मधुमेह्याची साखर वाढली तर आपण त्याला पापी म्हणत नाही, औषध वाढवतो. इथेही तोच विचार हवा. शेवटी एका एकादशीला बुवाच त्याच्या घरी गेले आणि त्याला हाताला धरून देवळात घेऊन आले.

वाचकांसाठी चार गोष्टी

मुलांनो, माळ घालायची तर जरूर घाला. पण रोज पीत असाल तर त्याच्या आठ दिवस आधी डॉक्टरांना भेटा आणि खरे तेवढे सांगा. डॉक्टर ते कुणाला सांगत नाहीत. तोवर स्वतःच्या मनाने एकदम दारू तोडू नका.

आई-वडिलांनो, मुलाने दारू सोडल्यावर पहिले पाच दिवस त्याला एकटे ठेवू नका. आकडी आली, भास होऊ लागले, तर १०८ क्रमांकावर गाडी बोलवा आणि रुग्णालय गाठा. दारू सोडवण्याची म्हणून मिळणारी पावडर त्याला न सांगता चहात किंवा भाजीत मिसळू नका. अशा पावडरीत दारूशी वाकडे असलेले औषध असू शकते. वर तो दारू प्यायला तर रक्तदाब उतरून जीवावर बेतते.

बुवा-महाराज मंडळींनो, माळ घालण्यापूर्वी मुलाला बाजूला घेऊन विचारा, "सकाळी लागते का?" हो म्हणाला तर आधी दवाखान्यात धाडा. आणि भजनाच्या जागेतून चंची बाहेर ठेवा.

जवळ सोय नसेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि तंबाखूसाठी १८००-११-२३५६ हे सरकारी दूरध्वनी क्रमांक आहेत. तिथे सल्ला फुकट मिळतो. पुण्याच्या मुक्तांगणसारखी १९८६ पासून काम करणारी केंद्रेही आपल्या राज्यात आहेत.

तो तरुण आता दोन मुलांचा बाप आहे. तंबाखू मात्र अजून सुटलेली नाही, त्यावर आमची झटापट चालू आहे. आणि कार्तिकी जवळ आली की दवाखान्याच्या बाकावर एक-दोन अनोळखी मुले अवघडून बसलेली दिसतात. नंबर आला की आत येतात, दार लोटून घेतात आणि खाली मान घालून म्हणतात, "बुवांनी पाठवलंय." मी आता पाठ नंतर थोपटतो. आधी विचारतो, "रोज किती पितोस, बाळा?"